गर्भाचं वजन लिहिता, तर तिचंही लिहा : वैद्यकीय मंडळांच्या सदस्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातील वैद्यकीय मंडळांचे सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी काहींशी माझी ओळख आहे ती फक्त कागदावरची. चोवीस आठवडे उलटलेल्या गर्भवतीची याचिका हायकोर्टात लागली की पहिल्या तारखेला कोर्ट तिला तुमच्याकडे पाठवतं आणि पुढच्या तारखेला तुमचा सीलबंद अहवाल येतो. अशिलाच्या बाजूने तो वाचणारी मी वकील. आज त्या अहवालाबद्दलच लिहायचं आहे.

एक अहवाल समोर ठेवते. मुलगी अल्पवयीन, ऊसतोड कामगारांच्या घरातली. ओळख पटू नये म्हणून तालुका, वय, साल काहीच सांगत नाही, आणि मंडळ कुठलं तेही नाही. आईबाप टोळीबरोबर फडावर, मुलगी गावात नातेवाइकांकडे. ऊसतोडीचा हंगाम संपून पट्टा पडला, टोळी परतली, तेव्हा आईच्या ध्यानात आलं. मग पोलीस ठाणं, पोक्सोचा गुन्हा, वैद्यकीय तपासणी, बालकल्याण समिती, त्यानंतर वकील आणि हायकोर्ट. एवढं होईतो सत्ताविसावा आठवडा लागला. अहवाल एकपानी होता. गर्भाचं अंदाजे वजन, ग्रॅममध्ये. हृदयाचे ठोके मिनिटाला किती. गर्भजल पुरेसं. वार कुठे आहे ते. व्यंग आढळलं नाही, सबब गर्भपाताची शिफारस करता येत नाही. खाली सह्या, शिक्के.

मुलीचं वजन त्यात नव्हतं. हिमोग्लोबिन नव्हतं. तिला झोप लागते का, जेवण जातं का, तिला स्वतःला काय हवं आहे, हे कुणी विचारलं असलं तरी कागदावर उतरलेलं नव्हतं. तपासणीच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले होते. ती बाहेर आली तेव्हा पोटावरची चिकट जेल ओढणीने पुसत होती. मी विचारलं, आत काय काय विचारलं? "शेवटची पाळी कधी आली ते." आणखी? "काही नाही."

डॉक्टर, तुमच्यावरचा ताण मला दिसत नाही असं समजू नका. ओपीडी सोडून, ऑपरेशनच्या यादीतून वेळ काढून तुम्ही या बैठकीला येता. कोर्टाचा आदेश हातात असतो आणि उद्या वर्तमानपत्रात नाव येईल ही धास्तीही. पण त्या एका पानाने एक निवाडा केला होता, जो करायला तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही : गर्भ निरोगी आणि जिवंत आहे, म्हणजे आता तो 'कुणीतरी' आहे, आणि त्याच्यापुढे मुलीचा प्रश्न संपला. गर्भ ही कायद्याने व्यक्ती आहे का, यावर जगभर वाद चालू आहे. आपल्याकडे संसदेत तसा कायदा झालेला नाही, पण अहवालाच्या शेवटच्या ओळीत तो रोज होतो आहे.

आपल्या कायद्यात काय आहे ते एकदा पाहू. जुन्या दंडसंहितेच्या कलम २९९ ला एक स्पष्टीकरण होतं आणि ते नव्या न्यायसंहितेच्या कलम १०० मध्ये जसंच्या तसं आलं आहे : आईच्या पोटातल्या मुलाचा मृत्यू घडवून आणणं हा मनुष्यवध नव्हे, मात्र शरीराचा काही भाग बाहेर आला असेल तर तो होऊ शकतो. गर्भपात हा वेगळा गुन्हा. पूर्वीचं कलम ३१२, आताचं ८८. त्यात गर्भपात करून घेणारी बाईसुद्धा आरोपी होऊ शकते, हे अजूनही अनेकांना माहीत नसतं. वारसाहक्काचं बघा. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २० पोटातल्या बाळाला वाटा देतं, पण ते जिवंत जन्मलं तरच. म्हणजे कायदा गर्भाची काळजी घेतो, त्याच्यासाठी जागा राखून ठेवतो. हक्काचा धनी मात्र त्याला जन्मानंतरच करतो.

१९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा हा या कलम ३१२ मधून काढलेली वाट आहे. आपल्या राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने १९६४ मध्ये समिती नेमली, १९६६ मध्ये तिचा अहवाल आला. चिंता होती चोरून, घाणेरड्या जागी होणाऱ्या गर्भपातांत मरणाऱ्या बायकांची. गर्भ व्यक्ती आहे की नाही हा त्या कायद्याचा विषयच नव्हता. म्हणून त्याची रचना डॉक्टरांना संरक्षण देणारी आहे, बाईला हक्क देणारी नाही. ही त्याची मोठी उणीव, आणि आपण सगळे आज तिच्यातच अडकलो आहोत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसमध्ये बलात्कारपीडित, अल्पवयीन, गर्भारपणात वैवाहिक स्थिती बदललेल्या अशा ठरावीक स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचं. चोवीसनंतर, गर्भात गंभीर व्यंग असल्याचं मंडळाने सांगितलं तरच. आणि बाईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने करावा लागला तर कलम ५ प्रमाणे आठवड्यांची अटच उरत नाही.

आता या रचनेकडे जरा तिरकं पाहा. चोवीस आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर आठवड्यांची मर्यादा उठते. गर्भ धडधाकट आणि आई चौदा वर्षांची, तर मर्यादा कायम. चोविसाव्या आठवड्याला गर्भ व्यक्ती होतो असं मानायचं असेल, तर व्यंग असलेला गर्भ व्यक्ती का होत नाही? अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारे हा सवाल टाकतात आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. 'जीव वाचवला' या समाधानात नकाराची सही करणाऱ्यांनीही त्याचं उत्तर द्यावं. खरं सांगायचं तर ही रेषा व्यक्तित्वावर आखलेलीच नाही. डॉक्टर सोनोग्राफीत काय पाहू शकतात आणि कशाचा दाखला देऊ शकतात, यावर ती आखली आहे. मेंदू लहान राहिला आहे हे स्कॅनमध्ये दिसतं. मुलीने शाळा सोडली, ती मध्यरात्री दचकून उठते, हे प्रोबखाली दिसत नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरमधलं दिल्लीचं प्रकरण तुमच्या सगळ्यांच्या लक्षात असेल. दोन मुलांची विवाहित आई, प्रसूतीनंतरच्या मानसिक आजाराने ग्रासलेली, अंगावर पाजत असल्यामुळे पाळी न आलेली. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा चोवीस आठवडे उलटून गेले होते. ९ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी एम्सच्या मंडळातल्या डॉक्टरांचा ईमेल गेला : गर्भ जगण्याची शक्यता बरीच आहे, तर आधी हृदय थांबवायचं का, स्पष्ट आदेश द्या. सरकार फेरविचारासाठी पुन्हा कोर्टात. त्याच दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. न्या. हिमा कोहलींच्या विवेकाला ते पटेना, न्या. नागरत्ना पहिल्या आदेशावर ठाम राहिल्या, गर्भाला आईपासून वेगळी ओळख नाही असं म्हणून. सुनावणीत 'अजात अर्भकाच्या हक्कां'ची भाषा झाली. १६ तारखेला सरन्यायाधीशांच्या तीन सदस्यीय खंडपीठाने नकार दिला, पण कारणं वाचा : चोवीस आठवडे उलटले आहेत, गर्भात व्यंग नाही, आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही. कायद्याची चौकट, तेवढीच. गर्भ ही घटनेतली व्यक्ती आहे असं त्या आदेशाने ठरवलेलं नाही. तरी तेव्हापासून मंडळांच्या कागदांत 'व्हायेबल', म्हणजे बाहेर जगू शकेल असा, हा शब्द शेवटचा शब्द असल्यासारखा येऊ लागला आहे, असा माझा अनुभव आहे.

ईमेल लिहिणाऱ्या त्या डॉक्टरांवर तेव्हा टीका झाली. मला त्यांची अडचण समजते. हलणाऱ्या गर्भाच्या हृदयात पोटॅशियम क्लोराइडची सुई घालणं हे हात थरथरवणारं काम आहे आणि ते मला करायचं नाही, तुम्हाला करायचं आहे. सव्विसाव्या-अठ्ठाविसाव्या आठवड्याचं मूल काचेच्या पेटीत ठेवून जगवणं हे तुमच्यातल्याच बालरोगतज्ज्ञांचं रोजचं काम. एका वॉर्डात जे जगवायचं तेच दुसऱ्यात थांबवायचं, हा पेच खोटा नाही. एखाद्याला ते जमणार नसेल तर त्याने आधीच तसं लेखी कळवून बाजूला व्हावं, दुसरा सदस्य यावा. मंडळात बसून, तपासणी करून, आपला नकार वैद्यकीय मत म्हणून लिहिणं ही निराळी गोष्ट आहे. विवेक तुमचा असतो, अहवाल तिचा.

गर्भाला खरोखरच घटनेत बसवलं की काय होतं, हे पाहायला फार लांब जावं लागत नाही. आयर्लंडने १९८३ मध्ये आठवी घटनादुरुस्ती करून गर्भाच्या आणि आईच्या जगण्याचा हक्क समान केला. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये गॉलवेच्या रुग्णालयात सविता हलप्पनवार दाखल झाली. आपल्या शेजारच्या बेळगावची लेक, स्वतः दातांची डॉक्टर, सतरा आठवड्यांची गर्भवती. गर्भ वाचणार नाही हे नक्की होतं. गर्भपात करा असं तिने सांगितलं. पण गर्भाचे ठोके चालू होते, म्हणून थांबले. थांबता थांबता जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. तिथल्या डॉक्टरांना काय करायचं ते वैद्यकशास्त्र सांगत होतं, आणि घटना त्यांचा हात धरत होती. २०१८ च्या मे महिन्यात ६६ टक्क्यांहून अधिक आयरिश मतदारांनी ती दुरुस्ती काढून टाकली. अमेरिकेतल्या अलाबामात २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगशाळेत गोठवलेले भ्रूणही एका कायद्यापुरती 'मुलं' ठरवली, तर मूल हवं असलेल्यांचे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार काही केंद्रांनी बंद केले.

आपल्याकडे हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "मग मुलीचा गर्भ पाडण्याला का विरोध करता?" तुमच्या बैठकांमध्येही म्हणत असतील. त्याला सरळ उत्तर आहे. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ चा. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. सहा वर्षांखालच्या मुलांमधला हा आकडा वाचून कुणाच्याही पोटात गोळा यावा. पण त्या कायद्याचा राग बाईजातीला कमी लेखण्यावर आहे. त्यासाठी गर्भाला व्यक्ती मानावं लागत नाही. उलट केंद्राच्या त्या कायद्याचं कलम २४ असं धरून चालतं की तपासणी करून घेणाऱ्या गर्भवतीवर नवऱ्याने किंवा सासरच्यांनी जबरदस्ती केली असणार. लिंगनिदान रोखायचं ते तिच्यासाठी, आणि गर्भपाताचा निर्णय तिच्या हाती ठेवायचा तोही तिच्यासाठी. यात विसंगती कसली?

झालं असं की बेकायदा गर्भपातांचं परळीचं २०१२ चं आणि म्हैसाळचं २०१७ चं प्रकरण गाजल्यावर धाक बसला तो सगळ्यांनाच. औषध दुकानदार गर्भपाताच्या गोळ्या ठेवेनासे झाले. तालुक्याचे डॉक्टर दुसऱ्या तिमाहीतल्या बाईला दारातूनच 'जिल्ह्याला जा' सांगू लागले. जिल्ह्याला गेलं की नवऱ्याची सही मागायची. सज्ञान बाईला स्वतःच्या संमतीखेरीज कुणाचीच सही लागत नाही. गर्भपात कायद्याच्या कलम ३(४) मध्ये ते स्वच्छ लिहिलं आहे आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा जादा अटी लादू नका असं बजावलंही आहे. त्याच निकालाने अविवाहित स्त्रीला विवाहितेच्या बरोबरीने चोवीस आठवड्यांची मुदत दिली, आणि अल्पवयीन मुलीची पोक्सोखाली खबर देताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही असंही सांगितलं. पण फाइल घेऊन बाई दारोदार फिरते, आणि ती तुमच्यापुढे येते तेव्हा आठवडे चोविसाच्या पुढे गेलेले असतात. 'एवढा उशीर का केला?' हा प्रश्न तिला विचारण्याआधी तिच्या फाइलमधल्या जुन्या ओपीडी चिठ्ठ्यांवरच्या तारखा बघत चला.

आता मुंबईच्या दोन प्रकरणांकडे येते, कारण ती थेट तुमची आहेत.

पहिलं जानेवारी २०२३ चं. गर्भाच्या डोक्याची आणि मेंदूची वाढ खुंटलेली, आठवडे बत्तीसच्या पुढे. मंडळाने, आता फार उशीर झाला म्हणून, नकार दिला. न्या. गौतम पटेल आणि न्या. डिगे यांनी परवानगी देताना सांगितलं की कायद्याची अट पुरी झाल्यावर निवड करण्याचा हक्क त्या बाईचा आहे, मंडळाचा नाही, आणि तो हिरावून घेण्याचा अधिकार कोर्टालाही नाही. हे वाक्य मंडळाच्या खोलीत भिंतीवर लावायला हवं होतं. लावलेलं मी तरी कुठे पाहिलं नाही.

दुसरं एप्रिल २०२४ चं. चौदा वर्षांची मुलगी. मंडळाने आधी लिहिलं, शरीराने आणि मनाने ती गर्भपातासाठी तंदुरुस्त आहे. काही दिवसांनी त्याच मंडळाने, मुलीला पुन्हा न तपासता, 'स्पष्टीकरणात्मक' मत पाठवलं : आठवडे सत्तावीस-अठ्ठावीस, व्यंग नाही, म्हणून नको. हायकोर्टाने त्यावर विसंबून नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने शीव रुग्णालयात पुन्हा तपासणी करायला लावून २२ एप्रिलला परवानगी दिली. नंतर आईवडिलांनी मुलीच्या जिवाला असलेला धोका पाहून विचार बदलला, तेव्हा न्यायालयाने तोही मान्य करून आदेश मागे घेतला. निवडीचा हक्क दोन्ही बाजूंनी चालतो, हे इतकं उघड क्वचितच दिसतं. पण तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे ते त्या निकालात पुढे लिहिलेलं : मंडळाने गर्भपात कायद्याच्या कलम ३(२-ब) मधल्या व्यंगाच्या निकषापुरतं मर्यादित राहू नये, गर्भवतीची शारीरिक आणि मानसिक अवस्था नोंदवावी, आणि मत बदललं तर का बदललं त्याची ठोस कारणं द्यावीत. म्हणजे मी या पत्रात जे मागते आहे ते माझं मागणं नाहीच, सर्वोच्च न्यायालयाचं आहे. मी सुरुवातीला सांगितलेला अहवाल त्या निकालानंतरचा होता.

तेव्हा विनंती अशी. अहवालाला दुसरं पान जोडा. त्यावर तिचं वजन, हिमोग्लोबिन, रक्तदाब. मानसोपचारतज्ज्ञ बोलवा, नियमांत त्याचं नाव बंधनकारक नसलं तरी राज्य सरकारने नेमले तर 'इतर सदस्यां'ना जागा आहे, आणि सरकारकडे तशी मागणी तुम्हीच करू शकता. तिला नातेवाइकांना बाहेर थांबवून विचारा की तुला काय हवं आहे, आणि ती बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहा. "मला शाळेत जायचंय" असं म्हणाली तर तसंच. गर्भारपण पुढे नेण्यात तिला काय धोका आणि आता थांबवण्यात काय, हे दोन्ही शेजारी शेजारी लिहा. नुसतं 'गर्भपात धोक्याचा' लिहिलं की पूर्ण दिवसांची प्रसूती चौदाव्या वर्षी जणू बिनधोक असते असा समज होतो. गर्भ जिवंत जन्मण्याची शक्यता असेल तर तेही जरूर लिहा, मग बाळाचं पुढे काय करायचं, कुठे ठेवायचं, ते कोर्ट बघेल. ती माहिती आहे. तिला निष्कर्षाच्या जागी बसवू नका.

आणि एक, जे वकिलाने सांगणं म्हणजे आपल्याच पोटावर पाय देणं आहे : व्यंगाच्या प्रकरणात चोवीसनंतरही कोर्टाची परवानगी लागत नाही. कायद्याने तो अधिकार तुम्हालाच दिला आहे, अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत आणि पाच दिवसांत प्रक्रिया, अशी २०२१ च्या नियमांत मुदत आहे. तसंच चोवीसच्या आतल्या बलात्कारपीडितेला कोर्टाचीही गरज नाही, तुमच्या मंडळाचीही नाही. दोन डॉक्टर पुरतात. तरी 'ऑर्डर आणा' म्हणून या बायकांना आमच्याकडे पाठवलं जातं. त्याच कायद्याचं कलम ८ सद्भावनेने केलेल्या कामाला संरक्षण देतं, ते वापरा. आमची फी, खंडपीठापर्यंतचं एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि हातचे गेलेले आठवडे, हे सगळं त्या 'ऑर्डर'च्या किमतीत धरा.

त्या मुलीच्या प्रकरणात कोर्टाने फेरतपासणीचा आदेश दिला, त्यात आणखी दिवस गेले. पुढचं सांगत नाही, ते तिचं आहे. तिच्या पहिल्या अहवालाची, नाव-गाव खोडलेली प्रत आणि दुसऱ्या पानाचा एक मसुदा मी या पत्रासोबत आरोग्य विभागाला आणि वैद्यकीय शिक्षण विभागाला पाठवते आहे. मसुद्यात डॉक्टरी भाषेच्या चुका असतील, त्या तुम्ही दुरुस्त कराव्यात. तोवर कोऱ्या कागदावर लिहून जोडलंत तरी चालेल.

कळावे,
आपली,
जिल्हा न्यायालयात आणि खंडपीठासमोर काम करणारी एक वकील